अन्नावरची वासना उडालेला ॲक्सोलॉटल

ज्या प्राण्याला पापण्या नाहीत, जो आपले दुःख आवाजाने कळवू शकत नाही, आणि ज्याची रुंद जिवणी सुखात व यातनेत सारखीच हसरी दिसते, त्याने आपली व्यथा पालकाच्या कानी घालावी तरी कोणत्या मार्गाने, हा प्रश्न ॲक्सोलॉटल पाळणाऱ्या जवळजवळ प्रत्येक घरात एक ना एक दिवस उभा राहतो. काल संध्याकाळपर्यंत गांडूळ पाण्यात पडताच क्षणार्धात ते ओढून घेणारा हा जीव आज त्याच गांडुळापुढे निश्चल बसून राहतो, नाकाशी नेलेला घास टाळून दुसऱ्या कोपऱ्यात जातो, किंवा तोंडात घेतलेला घास पुन्हा बाहेर टाकतो. आणि घाबरलेला पालक बाजारात जाऊन चार तऱ्हेचे खाद्य विकत आणतो, एकामागून एक ते त्याच्यापुढे टाकतो, आणि न खाल्लेले ते सारे अन्न टाकीच्या तळाशी कुजू लागले म्हणजे प्राण्याची अवस्था आदल्या दिवसापेक्षा वाईट का झाली, या विचाराने हवालदिल होतो. या प्रकरणात मला जे सांगावयाचे आहे ते या रिवाजाच्या नेमके उलट आहे. अन्न बदलण्याची तजवीज शेवटी करावी, आणि पहिला तपास पाण्याचा करावा. कारण अन्न नाकारणे हीच या मुक्या प्राण्याची फिर्याद असून ती बहुतेक वेळा घासाविरुद्ध नसते, ज्या पाण्यात आपण त्याला ठेवले आहे त्या पाण्याविरुद्ध असते.

हे पटण्यासाठी त्याचा मूळ मुलूख कोणता, हे ध्यानात घेतले पाहिजे. आपल्या सह्याद्रीत बेडकांच्या कितीतरी जाती आहेत, मातीत दडून राहणारी देवगांडुळे आहेत, परंतु पाय असून आयुष्यभर शेपटीही बाळगणारा उभयचर तेथे एकही नाही. भारतात तसा प्राणी पाहावयाचा तर पूर्व हिमालयाकडे व ईशान्येकडेच जावे लागते. ॲक्सोलॉटल हा त्याच सशेपट उभयचरांच्या, म्हणजे सॅलॅमँडरांच्या, कुळातला असला तरी त्याचे घर मेक्सिकोच्या खोऱ्यातील चाल्को व सोचिमिल्को या दोन तळ्यांपुरतेच मर्यादित होते. हे खोरे उष्ण कटिबंधात मोडते, म्हणून तेथील पाणी कोमट असेल असा समज होण्याचा संभव आहे. पण त्याची समुद्रसपाटीपासूनची उंची सुमारे 2240 मीटर आहे, म्हणजे महाराष्ट्रातील सर्वांत उंच अशा 1646 मीटरांच्या कळसूबाईच्या माथ्यावर आणखी सुमारे सहाशे मीटर चढून गेले असता जी पातळी येईल त्या पातळीवर ही तळी पसरलेली होती, आणि ज्वालामुखीच्या डोंगरांत मुरलेले पाणी झऱ्यांच्या रूपाने त्यांत येऊन मिळत असे. तळाशी चिखल, काठाशी वनस्पतींची दाटी, मंद प्रकाश, संथ प्रवाह आणि बारमाही गारवा, अशा त्या परिस्थितीत हा प्राणी घडला. पुढे चाल्को तळे कोरडे करण्यात आले, सोचिमिल्कोचे झरे विसाव्या शतकाच्या आरंभी राजधानीच्या पाणीपुरवठ्यासाठी वळविण्यात आले, आणि आज तेथे उरले आहेत ते चिनाम्पा नावाच्या पाण्यातल्या शेतवाफ्यांमधून फिरणारे कालवे. त्या कालव्यांत माणसाने आणून सोडलेले कार्प व तिलापिया हे मासे ॲक्सोलॉटलची अंडी व पिले खातात, शहराचे सांडपाणी उरलेले काम करते. 1998 साली दर चौरस किलोमीटरला सुमारे सहा हजार ॲक्सोलॉटल असल्याचा अंदाज होता, तो 2014 च्या गणतीत सुमारे छत्तीसवर आला. 2006 पासून त्याची नोंद अतिसंकटग्रस्त म्हणून होत आहे. आणि मेक्सिकोने 2021 साली काढलेल्या पन्नास पेसोंच्या नोटेवर त्याचे चित्र असले तरी मोकळ्या पाण्यात त्याचे दर्शन होणे दुर्मीळ झाले आहे. घरातल्या टाकीत एका कोपऱ्यात उपाशी बसलेल्या प्राण्याकडे पाहताना हे आकडे मला विसरता येत नाहीत.

नाहुआत्ल या अझ्टेकांच्या भाषेत त्याच्या नावाचा संबंध पाण्याशी आणि शोलोत्ल या देवतेशी आहे. मरणाला भ्यालेला हा देव आधी मक्याच्या ताटात, मग घायपाताच्या जातीच्या एका झाडात आणि शेवटी पाण्यात शिरून ॲक्सोलॉटलच्या रूपात लपला, आणि तेथेच पकडला गेला, अशी अझ्टेकांची कथा आहे. युरोपातील विद्वानांनाही या प्राण्याने बराच काळ चकविले. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी हुम्बोल्ट या संशोधक प्रवाशाने मेक्सिकोहून नेलेले मृत नमुने पाहून क्यूव्हिए या प्रख्यात प्राणिशास्त्रज्ञाने तो कोणत्या तरी अज्ञात सॅलॅमँडरचा डिंभ, म्हणजे अपूर्ण वाढीचे बाल्यरूप, असावा, असा कयास बांधला. परंतु 1864 साली चौतीस जिवंत ॲक्सोलॉटल पॅरिसला येऊन पोहोचले, त्यांतले सहा प्राणिशास्त्रज्ञ ऑग्युस्त द्युमेरिल यांच्या हवाली झाले, आणि त्या डिंभासारख्या दिसणाऱ्या प्राण्यांनी तेथे रीतसर अंडी घातली. एवढ्यावरच नवल सरले नाही. त्या अंड्यांतून निघालेल्या संततीपैकी काहींचे कल्ले 1865 मध्ये गळून गेले व ते जमिनीवर राहणारे सॅलॅमँडर बनले. बाल्यरूपातच प्रौढत्व पावण्याच्या या अवस्थेला चिरडिंभता म्हणतात. बेडकाच्या पिलाचा बेडूक होतो तो अवटू ग्रंथीच्या स्रावाच्या हुकमाने. ॲक्सोलॉटलच्या शरीरात तो हुकूम पुरेशा जोराने सुटतच नाही, आणि म्हणून तो जन्मभर पाण्यातला राहतो. जगभरच्या प्रयोगशाळांतून वाढविल्या जाणाऱ्या ॲक्सोलॉटलांची वंशावळ बहुतांशी त्या पॅरिसच्या प्राण्यांपर्यंत जाऊन भिडते, आणि पाळीव प्राण्यांच्या बाजारात आलेली पुष्कळशी प्रजाही त्याच शाखेची आहे. दीडशेहून अधिक वर्षे काचेच्या भिंतींत पिढ्यांमागून पिढ्या निघाल्या, तरी त्यांच्या देहाने त्या थंड तळ्याशी असलेला करार मोडलेला नाही.

आमच्या विषयाशी या इतिहासाचा संबंध असा, की हा प्राणी पाण्याचा जन्मठेपेचा कैदी आहे. डोक्याच्या दोन्ही बाजूंना असलेल्या तीन-तीन पिसाऱ्यांसारख्या कल्ल्यांनी तो पाण्यातला प्राणवायू घेतो, उघड्या त्वचेनेही घेतो, आणि कमी पडला तर पृष्ठभागावर येऊन हवेचा एखादा घोट फुप्फुसात भरतो. ज्या त्वचेतून प्राणवायू आत येतो तिच्यातूनच पाण्यातले विषही आत शिरते. जमिनीवरचा प्राणी नकोशा जागेतून उठून जाऊ शकतो. याला जाण्यास जागा नाही.

पाण्याचा पहिला दोष म्हणजे उष्णता, आणि आपल्याकडे ॲक्सोलॉटल पाळणाऱ्यांनी हाच दोष सर्वांत आधी तपासावा. त्याला मानवणारे तापमान 16 ते 18 अंश सेल्सियस असते; 20 अंशांपर्यंत तो निभावून नेतो, आणि 24 च्या पुढे पारा चढला की त्याच्या देहावर उघड ताण पडू लागतो. चैत्र-वैशाखात मुंबई-पुण्याच्या घरांतील साध्या बादलीतले पाणीही ही मर्यादा सहज ओलांडते, मग काचेच्या टाकीची गोष्ट दूरच. उष्णतेचा मार दोन्हीकडून बसतो. ॲक्सोलॉटल शीतरक्ताचा असल्याने पाणी तापले की त्याच्या शरीराचे व्यापार वेगाने चालू लागतात व प्राणवायूची गरज वाढते; आणि नेमक्या त्याच वेळी पाण्यातील प्राणवायूचा साठा घटतो, कारण 15 अंशांच्या एक लीटर पाण्यात जेथे सुमारे दहा मिलिग्रॅम प्राणवायू विरघळून राहतो तेथे 30 अंशांच्या पाण्यात साडेसात मिलिग्रॅमच मावतो. खर्च वाढला आणि वसूल घटला, अशा या अवस्थेत देह पहिली काटछाट करतो ती पचनाच्या कामात. पालकाला दिसते ती काटछाट. तिच्यामागचा जमाखर्च दिसत नाही.

म्हणून टाकीत तापमापक असलाच पाहिजे, आणि तो सकाळी व दुपारी अशा दोन्ही वेळी पाहिला पाहिजे, कारण सकाळच्या 19 अंशांवर विसंबलेल्या पालकाला दुपारचे 26 कधी कळतच नाहीत. उपाय तीन प्रकारचे आहेत. पाण्याच्या पृष्ठभागावरून वारा जाईल अशा बेताने लहान पंखा लावला म्हणजे बाष्पीभवनाने दोन-चार अंश उतरतात, मात्र पावसाळी दमट हवेत या उपायाचा जोर ओसरतो. बंद बाटलीत गोठविलेले पाणी टाकीत सोडले तर तापमान चटकन खाली येते, पण बर्फ वितळताच ते तितक्याच चटकन वर जाते, आणि हे हेलकावे मला स्थिर उष्णतेइतकेच वाईट वाटतात. आणि तिसरा उपाय म्हणजे पाणी थंड करणारे चिलर नावाचे यंत्र, जे महाग आहे. ज्यांच्या गावी उन्हाळा कडक असतो आणि ज्यांना चिलरचा किंवा बारमाही थंड खोलीचा खर्च झेपण्यासारखा नाही, त्यांनी हा प्राणी घरी आणूच नये, असे माझे स्पष्ट मत आहे. हा प्राणी नीट ठेवला तर दहा ते पंधरा वर्षे जगतो. म्हणजे दहा ते पंधरा उन्हाळ्यांचा बंदोबस्त त्याला आणण्यापूर्वीच करावयाचा असतो.

दुसरा दोष डोळ्यांना दिसत नाही, म्हणून तो अधिक घातक. ॲक्सोलॉटलची विष्ठा, त्याच्या कल्ल्यांतून बाहेर पडणारे उत्सर्जन आणि उरलेले अन्न यांपासून पाण्यात अमोनिया तयार होतो. स्थिरावलेल्या टाकीत एका जातीचे जिवाणू या अमोनियाचे नायट्राइट करतात, दुसऱ्या जातीचे त्या नायट्राइटचे नायट्रेट करतात, आणि नायट्रेट तुलनेने सौम्य असल्यामुळे दर आठवड्याला थोडे पाणी बदलून ते आटोक्यात ठेवता येते. या जिवाणूंची वस्ती प्रामुख्याने फिल्टरमधील स्पंजात असते आणि ती बसण्यास चार ते आठ आठवड्यांची मुदत लागते. नवी टाकी आज आणून, उद्या भरून, परवा तिच्यात प्राणी सोडणारा पालक त्याला वस्तुतः विषाच्या हवाली करीत असतो. स्थिरावलेली टाकीही एका चुकीने बिघडते: फिल्टरचा स्पंज फार मळला म्हणून तो नळाखाली धरून स्वच्छ खळबळून काढला, तर नळाच्या पाण्यातील क्लोरीन त्या वसाहतीची कत्तल करते, आणि पुढच्या दोन-तीन दिवसांत अमोनिया वाढू लागतो. पावसाळ्याच्या आरंभी गढूळ पाण्यासाठी नगरपालिका क्लोरीनची मात्रा वाढवितात, तेव्हा तर हा धोका विशेष असतो. स्पंज टाकीतून काढलेल्या पाण्यातच पिळून घ्यावा, आणि टाकीत जाणाऱ्या प्रत्येक नव्या पाण्यात मासेवाल्या दुकानात मिळणारे अँटी-क्लोरीन, म्हणजे सोडियम थायोसल्फेट, प्रमाणात मिसळावे.

पाणी नितळ दिसते, याचा अर्थ ते निर्दोष आहे, असा मुळीच नाही. अमोनिया व नायट्राइट ही दोन्ही चाचणीत शून्य आली पाहिजेत, नायट्रेट दर लीटरला वीस मिलिग्रॅमच्या आत असावे, आणि पाण्याचा सामू साडेसातच्या आसपास राहावा. पाण्याचे तापमान व सामू जितके अधिक, तितका तोच अमोनिया अधिक विषारी होतो. म्हणजे उन्हाळ्यात हे दोन्ही दोष एकमेकांना सामील होतात. चाचणीचा द्रवरूप संच घरात ठेवावा, आणि प्राण्याने अन्न नाकारल्याच्या पहिल्या संध्याकाळीच तो उघडावा.

देहावरही काही लक्षणे उमटतात. कल्ल्यांचे तुरे पुढच्या बाजूस वळून राहिले, किंवा शेपटीचे टोक आकड्यासारखे मुरडले, तर ती ताणाची खूण समजावी. कल्ल्यांवर वा पायांवर कापसासारखे पांढरे पुंजके दिसले तर ती बुरशी होय. चाचणीत अमोनिया निघाला, तर प्राण्याला टाकीतून काढून, क्लोरीन घालविलेल्या थंड पाण्याच्या एखाद्या स्वच्छ प्लॅस्टिकच्या टबात ठेवावे, आणि टाकी पूर्ववत होईपर्यंत त्या टबातले सर्व पाणी रोज बदलावे. हा उपाय दिसण्यात अगदी साधा आहे, परंतु औषधांच्या बाटल्यांपेक्षा त्याच्यावर माझा भरवसा अधिक आहे. बुरशीसाठी काही पालक देशी बदामाचे वाळलेले पान पाण्यात भिजत ठेवतात. त्यातील टॅनिन त्वचेला सौम्यपणे उपकारक ठरते, आणि आपल्याकडे किनारपट्टीवर हे झाड अंगणोअंगणी आहे. मात्र रस्त्याकडेचे, धुराने माखलेले वा औषध फवारलेले पान वापरू नये.

पाणी निर्दोष ठरले आणि तरीही प्राणी खात नसेल, तरच इतर कारणांकडे वळावे. टाकीच्या तळाशी खडी आहे काय, हे पाहावे. ॲक्सोलॉटल घास चावून खात नाही. त्याचे दात नाममात्र, घास धरून ठेवण्यापुरते असतात. तो घशाखालचा भाग एकाएकी खाली ओढून तोंडाची पोकळी विस्तारतो, आणि त्या पोकळीत शिरणाऱ्या पाण्याबरोबर भक्ष्य आत खेचले जाते. जवळ खडा असेल तर तोही जातो. असा खडा आतड्यात अडकला म्हणजे भूक मरते, पोट फुगते, विष्ठा थांबते. यासाठी तळ उघडा ठेवावा किंवा अगदी बारीक वाळू पसरावी. वयाचाही विचार करावा: पिलू रोज खाते, प्रौढाला दोन-तीन दिवसांतून एकदा पुरते, आणि वर्षभराचा झालेला प्राणी रोजचे गांडूळ नाकारू लागला तर तो आजार नसून वय असते. पोटाची रुंदी डोक्याच्या रुंदीइतकी दिसत असेल तर काळजीचे कारण नाही. नव्या घरी आलेला प्राणी काही दिवस खात नाही. दिव्याचा प्रखर उजेड त्याला असह्य होतो, कारण मिटण्यास पापण्या नाहीत. आणि फिल्टरचा जोरदार झोत सतत अंगावर येत असेल, तर संथ तळ्याच्या या रहिवाशाला विसावाच मिळत नाही.

आता अन्नाविषयी. गांडूळ हे त्याचे सर्वोत्तम खाद्य होय, पण गांडूळ म्हणजे सर्व गांडुळे नव्हेत. गांडूळखताच्या वाफ्यांत आपल्याकडे जी तांबडी, आडव्या पट्ट्यांची लहान जात पुष्कळ ठिकाणी वाढवितात, ती आयसेनिया फेटिडा, डिवचली गेली की अंगातून एक पिवळसर, दुर्गंधी व कडू द्रव सोडते. ॲक्सोलॉटलने तोंडात घेतलेले गांडूळ थुंकून टाकले, तर आधी त्याची जात पाहावी. पुष्कळ पालक अशा वेळी प्राण्याला हट्टी ठरवितात, तो त्याच्यावर अन्याय आहे. ज्यात रासायनिक खत वा कीटकनाशक पडलेले नाही अशा जमिनीतील साधे गांडूळ घ्यावे, धुवावे, आणि प्राण्याच्या डोक्याच्या रुंदीपेक्षा मोठे असेल तर तुकडे करावे. ब्लडवर्म नावाच्या गोठविलेल्या तांबड्या अळ्या आजाऱ्याला भुलविण्यास उपयोगी पडतात, पण रोजचे जेवण म्हणून त्या अपुऱ्या आहेत. बाजारातील जिवंत लहान मासे देऊ नयेत. त्यांच्याबरोबर परोपजीवी जंतू येतात, आणि काही जातींच्या मांसात थायमिन हे जीवनसत्त्व नष्ट करणारे द्रव्य असते.

घास बळेच तोंडात कोंबण्याचा प्रयत्न मात्र कोणीही करू नये. त्याचा सांगाडा बराचसा कूर्चेचा व कोवळा असतो. जबडा दुखावतो, आणि आधीच ताणाखाली असलेल्या प्राण्याला माणसाच्या हाताची उष्णताही सोसत नाही. निरोगी प्रौढ ॲक्सोलॉटल दोन आठवडे उपाशी राहिला तरी त्याच्या जिवाला धोका नसतो, हे ध्यानात ठेवले म्हणजे पालकाची घाई आपोआप कमी होते. पिलाच्या बाबतीत इतकी मुभा नाही. दोन आठवडे उलटले, किंवा त्याआधीच प्राणी रोडावला, सतत पाण्यावर उलटा तरंगू लागला, पोट फुगले, अंगावर तांबूस डाग अथवा व्रण दिसले, तर विदेशी प्राण्यांचा अनुभव असलेला पशुवैद्य गाठावा आणि जाताना टाकीच्या पाण्याचा नमुना बरोबर न्यावा. आतड्यात खडा आहे की नाही, याचा निकाल क्ष-किरणाच्या चित्राने लागतो. प्राण्याला शीतकपाटात ठेवून त्याचे देहव्यापार मंदावण्याची एक पद्धत पालकांत रूढ आहे. पशुवैद्याच्या आज्ञेशिवाय ती करू नये, कारण अतिथंडीत पचनही थांबते आणि रोगाशी झुंजण्याचे बळही उणावते.

कायद्याची एक बाब येथेच नोंदवितो. वन्य प्राण्यांच्या आंतरराष्ट्रीय व्यापाराचे नियमन करणाऱ्या साइटिस कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात ॲक्सोलॉटलचे नाव आहे, आणि 2022 च्या दुरुस्तीनंतर आपल्या वन्यजीव संरक्षण अधिनियमात अशा परदेशी प्राण्यांच्या नोंदणीची तरतूद झाली आहे. नोंदणी झालेली नसेल, तर ती करून घ्यावी. आणि प्राणी सांभाळणे जड झाले म्हणून त्याला विहिरीत किंवा तलावात सोडू नये. आपल्या पाण्यात तो एक तर उष्णतेने मरेल किंवा आपले रोग तेथल्या बेडकांना देईल.

पाणी थंड झाले, चाचणी निर्मळ आली, उजेड मंद केला, की दोन दिवस टाकीला हातही लावू नये. तिसऱ्या दिवशी, संध्याकाळ उलटल्यावर, गांडुळाचा एकच लहान तुकडा प्लॅस्टिकच्या चिमट्यात धरून प्राण्याच्या नाकापुढे बोटभर अंतरावर न्यावा आणि हलकेच हलवावा. त्याची नजर अधू असते. त्याला घास कळतो तो वासाने व पाण्यातील कंपाने, म्हणून वास त्याच्यापर्यंत पोहोचण्यास मिनिटभराचा अवधी द्यावा. त्याने तोंड फिरविले तर घास मागे घ्यावा, टाकीत सोडून देऊ नये, आणि उद्या पुन्हा त्याच वेळी यावे. त्याने तो ओढून घेतला, तर त्या दिवशी दुसरा देऊ नये. दोन दिवसांनी दुसरा द्यावा, आणि तारीख, पाण्याचे तापमान व घासाचा आकार एका वहीत लिहून ठेवावा.